भरिताच्या दिवशी मारलेला ठोसा

१२ जानेवारी २०२६, जळगाव

एका ठोशाची खरी किंमत: योगराजचा पुढचा दात, माझ्या मधल्या बोटाचं हाड, चाळीस माणसांचं भरीत मातीत, आणि कुंदा कालपासून एक शब्द बोललेली नाही.

योगराज माझा मेहुणा, कुंदाचा धाकटा भाऊ. काल मळ्यात कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती. मी नेहमीचं सांगत होतो — कुंदा सहा वर्षं रोज चार किलोमीटर चालते, मिशरी नाही, तळण महिन्यातून एकदा. माझ्या घरात कॅन्सर पाय ठेवणार नाही. पोती उचलत डाळीची गिरणी उभी केली मी, मला बोलायचा हक्क आहे.

तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "दाजी, भाषण पुरे. अक्काच्या छातीत गाठ आहे. दवाखान्यात न्या तिला."

चाळीस माणसांत माझ्या बायकोची छाती! हात सुटला. जाळात पडता पडता वाचला तो. उठला आणि भरीत ठेचायचं दांडकं माझ्या पाठीत दोनदा घातलं. लोकांनी धरलं म्हणून, नाहीतर मुडदा पडला असता. कुणाचा, सांगता येत नाही.

१३ जानेवारी

विचारलं, "भावाला सांगितलंस, मला नाही?"

कुंदानं तव्यावरची भाकरी उचलून भिंतीवर मारली. "दवाखान्यात कधी न्यायचं ते बोला."

१६ जानेवारी

छातीचे फोटो काढले, सुई घालून तुकडा घेतला. कुंदानं माझा हात धरला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण, पण स्पष्ट. चालणं, वजन आटोक्यात, दारू-तंबाखू नाही — यानं धोका कमी होतो. शून्य होत नाही. गाठ हाताला लागली की थांबायचं नसतं.

मी म्हटलं, मग सहा वर्षं चालून मिळालं काय?

"पुढचे उपचार सोसायला ताकद."

टेबलाची काच फोडावीशी वाटली. बोट प्लास्टरमध्ये.

१९ जानेवारी

गिरणीच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलंय — 'मिशरी सोडा, रोज चाला, कॅन्सर टाळा'. कमलबाई आमच्याकडे डाळ निवडते, धुळ्याकडची. गेल्या वर्षी तिचा मिशरीचा डबा हिसकून गटारात फेकला होता मी.

माझे कान पक्के. यंत्र बिघडायच्या आधी आवाजावरून मला कळतं. आज एवढ्या घरघरीत ऐकलं, ती शेजारणीला सांगत होती, "मना डबा फेकी दिधा. तोंडना तपासमा मनं काहीच नही निंघनं. अन् शेठाणी बिचारी..."

तिची टोपली लाथेनं उडवली. डाळ दारापर्यंत गेली. ती खाली बसून गोळा करायला लागली, रडत. म्हटलं, पगार कापणार नाही, रडतेस कशाला? तर म्हणाली, "तुमनासाठे नही, शेठ. शेठाणीसाठे."

२३ जानेवारी

रिपोर्ट आला. कॅन्सर. काखेत पोचलाय. इलाज आहे म्हणतात, पण लांबचा.

घण घेऊन भिंत फोडली. 'रोज चाला' एवढं ठेवलं. ते खोटं नव्हतं.

२४ जानेवारी

कुंदा शेवटी सगळं बोलली. गाठ तिनं पहिल्यांदा मलाच सांगितली होती. गणपती बसले त्या दिवशी, आरतीचं ताट हातात घेऊन. मी म्हणालो होतो, "रोज चालणाऱ्या बाईला कसली गाठ?"

आठवलं.

गणपती सत्तावीस ऑगस्टला बसले होते.