चार बोटं आखूड बाही

बारके, तुला तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद आणि त्याच्या दुप्पट शिव्या. शिव्यांचं कारण खाली येतंच आहे. आधी तब्येत विचारून घेते, नाहीतर म्हणशील थोरलीला रीतभात नाही. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात. झालं विचारून.

तुझ्या जावईबापूंनी काल स्वेटरची बाही आणून दिली. कागद सोडला, माझ्या बाहीला लावून बघितली, तर चार बोटं आखूड! अगं, फोनवर घसा फोडून सांगितलं होतं ना, दोन विती आणि चार बोटं म्हणून? (टेपवरचे आकडे मला दिसत नाहीत, आणि वीत काही शोधावी लागत नाही.) मग डोक्यात प्रकाश पडला. तू तुझ्या वितीने मोजलंस! तुझी वीत ती केवढी! लहानपणी बरणीच्या तळाचं काढायला तुलाच हाक मारायचे, एवढासा तुझा पंजा. माप माझं तर वीतही माझीच धरायची, एवढी अक्कल साठी उलटल्यावर तरी यावी माणसाला. आणि दोघींनी एकेक बाही विणू म्हणजे काम लवकर उरकेल, ही कल्पना कुणाची? तुझीच.

तुला वाटेल चार बोटांसाठी म्हातारी एवढी का पेटली. ऐक तर. नात येत्या रविवारी परगावी नोकरीला निघणार. गाव थंड, बॅग एकच, आणि तिचं वजन ठरलेलं. आठ महिने मी गोधडीवर आणि स्वेटरवर डोळे फोडते आहे, आणि परवा सूनबाई दुकानातून रजई घेऊन आली. चेनवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, फुग्यासारखी टम्म. जोडीला जाकीट. वर मला म्हणते कशी, "आई, तुमचं झालं तर तुमचंच देऊ हं. नाही झालं तर हे आहेच." हे आहेच म्हणजे काय? (आणि तेही गोड आवाजात. ओरडली असती तर मला दोन शब्द ऐकवता तरी आले असते.) त्या फुगलेल्या पिशवीला बॅगेत जागा मिळाली, तर माझी गोधडी जन्मभर कपाटावर.

गोधडीचा तीन बाजूंचा काठ झाला, चौथीचा दीड हात उरलाय. तोही काल संपला असता. पण कापड सरकायला नको म्हणून वजनाला ह्यांना बसवलं होतं. पेपर वाचत बसले होते दगडासारखे. मी आपली धावदोरा घालत गेले. दाराची बेल वाजली, हे उठले आणि निघाले, तर गोधडी त्यांच्यामागून दारापर्यंत! पायजम्याचा पाय काठात शिवला गेला होता. दारात कुरियरवाला. तो हसला, सूनबाई हसली, आणि हे मलाच म्हणतात, "बघून शिवत जा." पाय कुणाचा होता? अर्धा तास उसवण्यात गेला.

तेव्हा आता त्या आखूड बाहीचं काय करायचं ते तूच सांग. जावईबापू उद्या निघतात, त्यांच्याच हाती हे पत्र देते.

तुझ्यावर रागावलेली,
आक्का

ता. क. संध्याकाळी नात बाजारातून आली. दोन्ही बाह्या हातात घालून बघितल्या. तुझी मनगटावर नेमकी बसली. माझी बोटांवर लोंबली. रजई आली त्या दिवशी तीच बाही सुयांवर होती, रागाच्या भरात हात थांबला नसेल. वर जे लिहिलंय ते खोडत नाही, कागद खराब होतो. पण पोरीकडून कळलं की तू तिलाच फोन करून टेपाचं माप विचारलंस. माझ्यावर भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचंस!

आणखी एक. चार बोटं उसवायला गेले, तर कुठे थांबायचं ते चष्म्यातून दिसेना. अर्धी बाही गेली. अंगठाही सुजलाय. तू शुक्रवारी सुया घेऊन इकडे ये. बाही तू पुरी कर, काठ मी करते. सूनबाईसमोर मी तुला आखूड बाहीवरून चार शब्द बोलेन, ते मुकाट्याने ऐकून घे. घरात तसं सांगून बसले आहे. नात गप्प राहायला तयार आहे.