ओहायोतलं आसन

२८ ऑगस्ट २००५, ब्रिस्टल

पोचले. बॅगा पोचल्या, लोणच्याची बरणी पोचली, मेतकूटसुद्धा पोचलं. हीथ्रोवरच्या कस्टमवाल्याने डबा उघडून वास घेतला आणि लगेच झाकण लावलं. घ्यायला देवयानी आली होती. माझी भाची, इथे विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. वाटभर सांगत होती की मावशी, तुला घर एकदम आवडेल, इट्स सो यू, फक्त हीटिंगला हात लावू नकोस, मिसेस हॉस्किन्स त्या बाबतीत टची आहेत.

घर क्लिफ्टनमध्ये, चढावर. मिसेस हॉस्किन्सचा भाऊ दातांचा डॉक्टर होता. त्याने जन्मभर ब्रिस्टलकरांचे दात उपटले आणि अमेरिकेतल्या घरांच्या आतले जुने फोटो जमवले. स्वतः अमेरिकेला एकदाही गेला नाही, हा खरा भक्त. आता तो वारला आणि फोटो युनिव्हर्सिटीकडे जायचे आहेत, म्हणून एकेकाचं वर्णन कॉम्प्युटरवर भरायला देवयानीच्या ओळखीने पुण्याहून माझ्यासारखी बाई आणवली. संस्कृतात एम.ए. होऊन जन्म जुन्या फोटोंची सूची करण्यात गेला. ‘किं बहुना’ एवढंच काय ते संस्कृत रोज कामाला येतं.

विष्णुपंत, म्हणजे आमचे हे, चोवीस सप्टेंबरला येतील. घरचा गणपती कुणीतरी बसवायला हवाच. मी त्यांना विष्णुपंत म्हणते ते त्यांना आवडत नाही. म्हणून म्हणते.

३१ ऑगस्ट

कामाला लागले. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, दिसायला सारखेच. दोन भिंगांच्या चष्म्यासारख्या यंत्रात पुठ्ठा अडकवला आणि डोळे लावले की दोन्हींची मिळून एक खोली उभी राहते. खरीच. हात घालून टेबलावरचा रुमाल सरळ करावासा वाटतो. ओहायोतला दिवाणखाना, सेंट लुइसमधली झोपायची खोली, बफेलोच्या हॉटेलातलं न्हाणीघर, कुठलं तरी जेवणघर. माणूस कुठेच नाही. डॉक्टरांनी रिकाम्या खोल्याच तेवढ्या निवडल्या. दिवसभर लोकांचे आ वासलेले जबडे बघणाऱ्याला संध्याकाळी माणसं नकोच झाली असतील.

ओहायोचा दिवाणखाना सुरेख आहे. मधोमध एक खुर्ची, पाठ आपल्याकडे, गादी घोड्याच्या केसांची. मिसेस हॉस्किन्स म्हणाल्या की भावाला तो फार आवडायचा, पण शेवटी शेवटी तो पालथा घालून ठेवायचा. मी कारण विचारलं तर त्यांनी चहा विचारला.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

आमच्याकडची पूजा म्हणजे मंत्र म्हणणारी मी आणि देणारे हात यांचे. इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. म्हणून यंदा फोनवरून. पुण्यात दुपार, इथे सकाळ. मी डॉक्टरांच्या अभ्यासिकेत कामाच्या टेबलाशी, कानाला फोन, आणि चाळा म्हणून डोळे यंत्राला. विष्णुपंत तिकडून विचारत होते की अगं, पळी डाव्या हातात की उजव्या? मी म्हटलं, अहो, ज्या हाताने जेवता त्या. आवाहनापर्यंत आलो आणि फोन कटला. कॉलिंग कार्ड संपलं.

आवाहन तोंडात तसंच राहिलं. ते अर्धं टाकू नये म्हणतात. समोर ओहायोची खुर्ची रिकामी. म्हटलं, चला, आसन आयतंच आहे. आवाहयामि म्हटलं, आसनं समर्पयामि म्हटलं. नाव मात्र घेतलं नाही. बाप्पाला घोड्याच्या केसांवर कसं बसवायचं?

एकटीच हसले. जरा बरं वाटलं.

८ सप्टेंबर

पुण्यात दीड दिवसाचा गणपती बादलीत गेला. विष्णुपंतांनी पुस्तकावरून पूजा पुरी केली. दोन पानं चिकटलेली होती, तेवढे उपचार बाप्पाने समजून घेतले म्हणाले. तुझ्या देवाचं विसर्जन झालं का, असं विचारलं. मी म्हटलं, माझा ओहायोला आहे, तिथे नदी कुठे शोधू?

११ सप्टेंबर

दिवाणखान्याच्या पुठ्ठ्यावर, डाव्या फोटोत, खुर्चीच्या पाठीवरून एक खांदा दिसतो. उजव्या फोटोत नाही. यंत्रातून पाहिलं की तो भाग लुकलुकतो. त्या काळी फोटोला वेळ लागे, कुणी हललं तर पुसट उमटे. पण दोन्ही फोटो एकाच क्षणी काढलेले असतात. मग एकातच कसा हलला?

मोतीबिंदू असावा. वयाला शोभेल असंच काहीतरी.

१३ सप्टेंबर

आता दोन्ही फोटोंत आहे. पाठमोरा, रुंद, मान जरा कलती. सूचीत ‘रिकामी खुर्ची’ लिहिलं होतं ते खोडून ‘एक व्यक्ती, पाठमोरी’ असं केलं. देवयानीला दाखवलं. ती म्हणाली की मावशी, तो आधीपासूनच असेल, यू मिस्ड इट. असेल बाई.

१५ सप्टेंबर

दिवाणखाना पुन्हा रिकामा. तो सेंट लुइसच्या खोलीत आहे. पलंगाच्या कडेवर वाकून बसलाय, पाय चिनी मातीच्या तस्तात.

इथे अभ्यासिकेच्या दारापाशी कार्पेट ओलं. मिसेस हॉस्किन्स फार सभ्यपणे म्हणाल्या की तुम्ही लोक पाय धुऊन घरात येता हे देवयानीने सांगितलंय, उत्तम प्रथा आहे, पण सुप्रभा डिअर, नंतर पुसतही असाल ना?

मी माझे पाय बघितले. कोरडे.

१६ सप्टेंबर

आसन, मग पाद्य. पूजेचा क्रम आहे हा. आधी बसायला, मग पाय धुवायला. मी न देता तो घेत चाललाय. हे लिहिताना हसू येईल असं वाटलं होतं.

पुढे स्नान, मग वस्त्र.

१८ सप्टेंबर

बफेलोचं न्हाणीघर. टबाबाहेर ओला हात.

वस्त्र कोणतं घेईल ते बघायला मी सगळे पुठ्ठे टेबलावर मांडले. बॉस्टनच्या एका घराच्या प्रवेशदालनात खुंट्या आहेत. डाव्या फोटोत एका खुंटीवर माझी तपकिरी शाल. माझीच. देवयानीने लहानपणी सांडलेल्या शाईचा डाग आहे कोपऱ्यात. धावत खोलीत गेले. शाल नाही. परत आले तोवर उजव्या फोटोतही आली होती.

आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे उमटलं की गेलं.

मिसेस हॉस्किन्सना सांगितलं. त्या म्हणाल्या की भाऊ शेवटी म्हणायचा, खोल्या रिकाम्या आहेत तोवर ठीक आहे, त्यांना आत या म्हणू नये. वय झालं होतं त्याचं, असंही म्हणाल्या. दुपारीच बहिणीकडे बाथ गावी निघून गेल्या.

२० सप्टेंबर

गंध, फूल, धूप, दीप. सगळं घेतलं. माझ्या चंदनाच्या साबणाची नुसती वडी उरली, वास नाही.

आता जेवणघर. लांब टेबल, तो बसलेला, पुढ्यात रिकामं ताट. ताटाशेजारी, डावीकडच्या फोटोत, चांदीची वाटी. विष्णुपंतांची ताकाची वाटी, काठाला पोचा आहे ती.

माझं ठीक. मी बोलावलं. पण हात यांचे. मंत्र माझे आणि देणारे हात यांचे.

मोठ्याने म्हटलं की ही वाटी माझ्या नवऱ्याची आहे, विष्णूची आहे. असं नुसतं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. वाटी पुसट झाली आणि गेली. उजवीकडे आलीच नाही.

फोन केला. म्हणाले की अगं, तासभर वाटी शोधत होतो, आता फडताळात समोरच सापडली, तुला कसं कळलं?

नाव घेतलं की सुटतं. उजवीकडे येण्याआधी घेतलं तर.

पण ताट रिकामंच आहे.

२१ सप्टेंबर

विसर्जन केलं. अक्षता नव्हत्या, बासमती घेतला. पण जा कुणाला म्हणायचं? नावच ठाऊक नाही. तसंच म्हटलं. आणि शेवट जिभेच्या सवयीने, लहानपणापासून म्हणत आले तसाच म्हटला. पुनरागमनाय च.

परत येण्यासाठी.

आपल्याकडे निरोपसुद्धा बोलावल्याशिवाय देता येत नाही.

पुठ्ठ्यात त्याने मान थोडी वळवली आहे.

२२ सप्टेंबर

विष्णूला सांगितलं की येऊ नका. पितृपक्ष आहे, प्रवास करू नये. ते हसले. तू कधीपासून पंचांग पाळायला लागलीस, म्हणाले. सगळं खरं सांगितलं, मग हसले नाहीत. म्हणाले की तू तिथे एकटी आहेस, आता तर येणारच.

रात्री जेवणघराचा पुठ्ठा जाळला. सकाळी फोटोंच्या डब्यात होता. कोपरासुद्धा काळा नाही.

देवयानीला बजावलंय. विमानतळावरून त्यांना तुझ्या फ्लॅटवर ने. इथे नको. या घरात कुणालाही बसा म्हणू नकोस.

२४ सप्टेंबर, दुपार

आले. इथेच आले. काका ऐकेचनात, देवयानी म्हणाली, ही इज सो वरीड अबाउट यू. बूट दारात काढले. मला बघून म्हणाले की अगं, किती वाळलीस, आधी चहा कर. मी म्हटलं, अहो, उभेच राहा, येतेच, लगेच निघू. चहाचं आधण ठेवायला गेले. नुसतं आधण.

देवयानी गाडी हलवायला निघाली. जाताना म्हणाली असेल. काका, बसा ना. सवयच असते. आपण सगळेच म्हणतो.

अभ्यासिकेत माझ्या खुर्चीवर बसले असावेत. खुर्ची गरम आहे. चष्मा टेबलावर. बूट अजून दारात.

यंत्रात जेवणघर. डावीकडे विष्णू. ताटासमोर. मान खाली. उजवीकडे अजून नाही.

विष्णू म्हटलं. विष्णू, विष्णू. पुसट होतात आणि पुन्हा उमटतात. नाव पुरत नाही आता. नैवेद्याशिवाय पूजा पुरी होत नाही, मीच शिकवलंय हे यांना—

तो आता पूर्ण वळलाय. चेहरा—

नाही लिहीत.

आवाहनात जागा रिकामी ठेवली ती मी. ती भरायची राहिली आहे. नाव घालायचं, बस. कुठलंही चालणार नाही. ज्याच्यावर माझा हक्क आहे असंच हवं. ते माझ्याकडे एकच आहे.

देवयानी, हे वाच. फोटोंचा डबा उघडू नकोस. काका बाहेर आले की त्यांना बूट घालायलासुद्धा थांबू देऊ नकोस. त्यांना सांग, चहा गॅसवर आहे, बंद करा—नको, थांबू नका—

म्हटलं. आवाहयामि. माझंच नाव घालून म्हटलं.

डावीकडे विष्णू पुसट. आणखी पुसट. मागे कुणीतरी खोकलं. त्यांचाच खोकला, प्रवासातला, या खोलीतला. अगं, म्हणतायत. अगं, कुठे आहेस, इथेच तर—

इथेच आहे. टेबल फार लांब आहे. रुमाल वाकडा आहे, हात घालून सरळ—

उजवीकडे माझी