मान फिरवण्याचा नियम

२ जुलै २००१, विरार
रेवाच्या उजव्या कानातून पू येतोय. डॉक्टरांनी श्रवणयंत्राचा साचा काढला, खाली जखम. म्हणाले, दहा-बारा दिवसांची तरी असेल. "नऊ वर्षांची मुलगी, इतके दिवस काही बोलली नाही?"
मी म्हणाले, "ती बहिरी आहे."
"ते दिसतंय मला. सांगितलं नाही का, असं विचारतोय."
सुहास, बाप तिचा, भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला.

३ जुलै
सांगितलं होतं. कानाशी बोट नेऊन स्क्रू पिळल्यासारखं करत होती. माझा पदर ओढला. मी मान फिरवली. दोनदा. की तीनदा.
नियम शाळेचा: मुलानं हात वापरले की आपण बघायचं नाही, तोंडानं शब्द आला की वस्तू द्यायची. शाळेनं सांगितलं, मी कायदा केला. पालकसभेत अर्धा तास बोलले होते त्यावर. दोन आया रडल्या, पण तेव्हापासून त्याही मान फिरवतात.
'दुखतं' हा शब्द तिला येतो. गळ्यावर हात ठेवून आरशासमोर घोटवून घेतलाय. 'ख' नीट आला नाही की मी पुन्हा म्हणायला लावते. पाच वेळा, सात वेळा.
तिनं दुखणं पत्करलं.

७ जुलै, नंदाखाल
सासूबाई आणि रेवा केळीत बसून हातांनी काहीतरी. रेवा हसत होती. मला पाहिल्यावर दोघींचे हात थांबले.
सासूबाई म्हणाल्या, "मला मागल्या वेळीच दाखवलं व्हतं तिनं. कान लाल. मी सुहासला बोलले."
म्हणजे सुहासला माहीत होतं. परतताना स्कूटर थांबवून विचारलं. तो हेल्मेट न काढता म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तिला स्वतःला सांगू दे."
हो. हेच म्हणाले असते. याच आवाजात.

१४ जुलै
पुन्हा तपासणी. उजव्या कानात जे थोडं ऐकू येत होतं तेही घसरलंय. परत येईल किंवा नाही. दीड महिना त्या कानात यंत्र नाही. डाव्यानं पहिल्यापासूनच काही ऐकू येत नाही.
आवाज पूर्ण बंद केलाय तिनं. 'आई'सुद्धा नाही. त्या एका शब्दाला चौदा महिने लागले होते.
मला रडू येत नाही. राग येत नाही. पोळ्या केल्या, वर्गाच्या वह्या तपासल्या, कपडे वाळत घातले. संताप हे माझ्या भाषणांचं भांडवल, असं लोक म्हणतात. कुठे गेला कोण जाणे.

१९ जुलै
शाळेत वैद्यबाईंनी बोलावलं. याच रेवाला चार वर्षं बोलायला शिकवतायत. ऑगस्टपासून दर शनिवारी खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू करणार, मुलांसाठी आणि पालकांसाठी. संमतीचा फॉर्म पुढे केला.
मी म्हटलं, हाताची सवय लागली की मुलं बोलायची थांबतात.
"आता थांबलीच आहे ना, ताई?"
मग म्हणाल्या, मुली मधल्या सुट्टीत संडासाच्या मागे जाऊन हातांनी बोलतात. सगळ्या शिक्षिकांना ठाऊक होतं. "आम्हीही चुकलो. तुम्ही फक्त आमच्यापेक्षा मोठ्यानं चुकलात."
फॉर्म पर्समध्ये. सही केली नाही. सही केली तर चार वर्षं मी जे व्यासपीठावरून... आणि नाही केली तर

२८ जुलै
नालासोपाऱ्याला व्याख्यान. विषय त्यांनीच दिलेला, 'वाणीचे सामर्थ्य'. सव्वा तास बोलले. शब्द येत गेले, नळ सोडल्यासारखे. टाळ्या झाल्या. काय बोलले ते आता आठवत नाही. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला." माझ्या नाही आला.
रेवा पहिल्या रांगेत सुहासच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्यासाठी त्यात होतं काय?

३ ऑगस्ट
फॉर्म दिला. वैद्यबाईंनी ड्रॉवरमध्ये टाकला. बरं वाटलं असं लिहिणार होते. वाटलं नाही.

४ ऑगस्ट
पहिला वर्ग. शिकवणाऱ्या ग्रेसीबाई गास गावच्या, घरी शिवणकाम करतात, जन्मापासून बहिऱ्या. त्या हातांनी सांगतात, त्यांच्याकडूनच शिकलेल्या वैद्यबाई तोंडानं आम्हाला. सहा आया, एक बाप.
ग्रेसीबाईंनी माझा हात मनगटाशी धरून खाली आणला, काहीतरी म्हणाल्या. मुलं खिदळली. वैद्यबाईंना हसू आवरेना. "म्हणतायत, ही बाई भाषण करते का? खांद्यापासून हात उडवते."
रेवाही हसली. माझ्यावर. बऱ्याच दिवसांनी माझ्या दिशेनं काहीतरी.

११ ऑगस्ट
आज नावं. यांच्यात प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं. आपलं आपण ठेवायचं नाही, बहिऱ्या माणसानं बघून द्यायचं. ग्रेसीबाईंनी मुलांना सांगितलं, घरच्यांना नावं द्या.
रेवानं सुहासला दिलं: हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा ओढणं. सासूबाईंना: बोटानं दातांना मिश्री. झटपट, विचारही न करता. वैद्यबाईंनाही दिलं, नाकावरून घसरणारा चष्मा. सगळ्यांनी ओळखलं.
मग माझ्यासमोर उभी राहिली. बघत राहिली, कपाळ, तोंड, हात. मी ताठ बसले होते, सभेत बसते तशी. मग सैल बसायचा प्रयत्न केला. तेही तिनं पाहिलं.
ग्रेसीबाईंनी भुवया उंचावल्या. रेवानं त्यांना दोन-तीन खुणा केल्या.
मी विचारलं, काय म्हणाली?
वैद्यबाई म्हणाल्या, "अजून बघतेय म्हणते."
"किती दिवस बघणार, विचारा ना."
त्यांनी विचारलं. रेवानं खांदे उडवले आणि मैत्रिणीबरोबर चपला शोधायला गेली.