दोन्ही वेळा वर गेलेला हात

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

तू पाठवलेला स्वेटर पोचला. बाह्या लांब आहेत, पण दुमडल्या की छान बसतो. इकडे सगळं ठीक. आईही ठीक आहे. फोनवर बोलायचं तर ती शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य ऐकते, म्हणून कागद घेतला. पहिला फाडला, त्यात 'परिस्थिती' चुकली होती. हस तू. नववीत शाळा सुटली तरी माझी मास्तरकी सुटली नाही, असंच म्हणशील.

एक घोटाळा झालाय. पैशांचा नव्हे, माझा.

साथीनंतर लोकांना सावरायला नगरपालिकेला जो निधी मिळाला, त्यातला आपल्या भागाचा वाटा अजून पडून आहे. महिनाअखेरीपर्यंत काम ठरलं नाही तर तो परत जाणार. कामही एकच घ्यायचं, अर्धं-अर्धं चालत नाही. म्हणून बुधवारी शाळेच्या वरच्या हॉलमध्ये सभा बोलावली होती. समोर दोन कामं. एक, बाजाराच्या शेडवर नवं छत घालून बंद गाळे उघडायचे. त्यात तुझा कुलपं-चाव्यांचा गाळाही आला. दुसरं, दवाखान्यात दोन वर्षांसाठी पूर्ण वेळ नर्स ठेवायची. सध्याची आठवड्यातून दोनदा येते, तीही दुसऱ्या भागातून.

आईला घेऊन गेलो. जिन्यात ती खिडकीपाशी जरा थांबली, कबुतरं बघत. आम्ही वर पोचलो तोवर जुंपलेली होती.

पाववाला म्हणत होता, "दोन वर्षांनी नर्सला पगार कोण देणार? तुमचा सासरा? छत एकदा घातलं की नातवंडांपर्यंत बघायला नको!"

शिवणकामवाली काकू उठली. "छताखाली उभं राहायला माणूस शिल्लक पाहिजे ना आधी! मागच्या वेळी दवाखान्याच्या दाराला कुलूप बघून कोण कोण परत आलं, सांगू का नावं?"

बाबांचं नाव तिने घेतलं नाही. आमच्याकडे बघून थांबली.

मला दोघांचंही पटलं. हीच तर पंचाईत. एक बोलला की वाटायचं, बरोबर. दुसरी बोलली की वाटायचं, मग हे चूक कसं?

नगरसेविकाबाई म्हणाल्या, "छतासाठी हात वर!" आईने हात वर केला आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने मला ढोसलं. मीही केला. मग बाई म्हणाल्या, "नर्ससाठी!" आणि दादा, मी बघतो तर माझा हात पुन्हा वर. मी केला असं म्हणवत नाही. तो वर होता, एवढं खरं.

मोजणी झाली तर माणसांपेक्षा एक हात जास्त. पुन्हा मोजले, तरी जास्त. बाई म्हणाल्या, "हा कोणाचा आगाऊ हात?" मी उभा राहिलो. पाववाला म्हणाला, "अरे, तू मत देतोयस की आळस?" सगळा हॉल हसला. आई हसली नाही.

माझं मत बाजूला काढलं तर दोन्हीकडे सारखीच मतं. तेव्हा बाईंनी सांगितलं, "सोमवारी संध्याकाळी पुन्हा जमू. तू विचार करून ये आणि सगळ्यांसमोर एक काय ते सांग."

तेव्हापासून डोक्याचं भजं झालंय. पाववाला रोज विचारतो, "भाऊ परत यायला हवाय ना तुला?" हवा आहेस. गाळा उघडला तर गोदामातली खोकी उचलणं सोडून येईन, असं तूच लिहिलं होतंस. तू आलास की आईही सुधारेल असं वाटतं. मग वाटतं, सुधारेल म्हणजे काय, ती तर ठीक आहे ना? असा मी गोल गोल फिरतो आणि पुन्हा छताशी येतो.

शेवटी ठरवलं, तुलाच विचारावं. गाळा तुझा, तूच सांग. पण मजकूर मनात जुळवायला लागलो आणि गडबड लक्षात आली. आईबद्दल लिहिलं नाही तर तू छत म्हणशील. लिहिलं तर नर्स म्हणशील. म्हणजे तू काय सांगणार हे मी काय लिहितो त्यावरच ठरणार. मग ते तुझं मत कसलं?

आणि तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. "तो हातातलं काम टाकून धावत येईल," म्हणते.

दादा, त्या जिन्याच्या खिडकीत कबुतरं नव्हती. खिडकीला जाळी आहे. आईला धाप लागते. आता न्हाणीघरापर्यंत गेली तरी लागते. बाबांना लागायची तशीच आहे की वेगळी, मला ओळखता येत नाही. नर्स येते त्या दिवशी आई म्हणते, आज बरं वाटतंय. नर्स गेली की भिंत धरून बसते. आणि हात वर केला तो छतासाठी, तू यावास म्हणून.

हे लिहून झालं आणि हात कुठे जायचा ते कळलं. बरोबर की चूक, अजूनही कळत नाही. उद्या मी नर्स म्हणेन. आई शेजारच्याच खुर्चीवर असेल. नंतर किती दिवस बोलणार नाही, कोण जाणे. पत्र तुझ्या हातात पडेल तोवर हे होऊन गेलेलं असेल, तेव्हा मला थांबवता यायचं नाही तुला.

छताची वाट बघू नकोस. गाळ्याशिवायच ये. चाव्या घरी बसूनही करता येतील, ओटा मी रिकामा करतो. आलास तर आईला म्हण, सहज आलो.

तुझा गाळा न विचारता देऊन टाकणारा, तरी तुझाच,
धाकटा