वाघ्या घेवडा, नॉटिंगहॅम

शनि. ६ मार्च ९३
मातेओची आई वीस तारखेला येतेय, मेक्सिकोहून. पहिल्यांदाच विमानात बसणार. मा. म्हणतो, "तिला काही नको. घरी शिजवलेले फ्रिहोलेस दिसले की ती खूश." फ्रिहोलेस म्हणजे घेवडा. त्याला स्वतःला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. मी म्हटलं, मी करीन.
मग बसमध्ये वाटलं, काय हे! पोह्यांच्या बश्या घेऊन कुणासमोर जाणार नाही, असं आण्णांना तोंडावर सांगणारी मी. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून त्यांनी ऐकूनही घेतलं. आणि आता मुलाच्या आईला रांधून दाखवणार. तेही आपणहून.
घरी मा.बद्दल अजून अवाक्षर नाही.

मंगळ. ९ मार्च
होलफूडच्या, म्हणजे धान्य-कडधान्यांच्या दुकानात पिंटो बीन्स मिळाले. हातात घेतले आणि बघतच राहिले. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडाच की! तसेच तपकिरी पट्टे. थोडा फिका, इतकंच. दोन पिशव्या घेतल्या. भिजत घातले.

शुक्र. १२ मार्च
फजिती. भिजलेले बीन्स सवयीनं फडक्यात बांधून रेडिएटरवर ठेवले होते. आज पाहते तर हे लांब मोड! उसळीसाठी झकास. पण ते शिजवल्यावर मोड गळून पडले, सालं वर तरंगायला लागली, रस्सा पाण्यासारखा. मा.नं दोनदा वाढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "छान आहे. पण हे फ्रिहोलेस नाहीत." मोड कशाला आणतात, हेच त्याला कळेना.
मला राग आला. मोडांवर बोलला म्हणून, की खरं बोलला म्हणून, ठाऊक नाही.

रवि. १४ मार्च
घरी फोन. आई दर रविवारी शेजारच्या डॉक्टरांकडे फोनला येते, मागे डॉक्टरीणबाईंच्या बांगड्या वाजत असतात. थंडी, स्वेटर, थीसिस. सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही, सांगितलं नाही.
मा. जूनमध्ये मेक्सिकोला परत जाणार. त्याच्या आधी घरी सांगायलाच हवं...

शनि. २० मार्च
लिहितानाही हसू येतंय. काल पहिल्या पिशवीतले उरलेले बीन्स भिजत घातले, आज तसेच शिजवायचे ठरवलं होतं. डोक्यात लायब्ररी, हातांनी मात्र सकाळी पुन्हा फडक्यात गाठोडं बांधलं! मा. आणि त्याची आई दारात, शेगडीवर काहीच नाही. एल्विराबाई ठेंगण्या, अंगात लाल कोट. त्यांचं लक्ष थेट रेडिएटरवर. गाठोडं सोडून पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. मा. हसत म्हणाला, "विचारतेय, पेरणार आहेस का?"
मला रडूच यायचं बाकी होतं. पण त्यांनी कोट काढला, दुसरी पिशवी मागितली, बीन्स ताटात ओतले आणि एका बोटानं खडे बाजूला सारायला लागल्या. अगदी आईसारखं. मीही समोर बसले.
भिजवायचे नाहीत. नुसतं पाणी, अर्धा कांदा, लसूण, चमचाभर डुकराची चरबी. (आईला हे सांगायचं नाही. एका वेळी एकच धक्का.) मंद आच. पाणी आटलं तर गरमच घालायचं. मीठ शेवटी. पर्समधून कागदाची पुडी काढून त्यांनी वाळलेला पाला टाकला, वास थेट रॉकेलचा. पण रस्सा दाट, बदामी झाला आणि तो वास कुठे गेला, कळलंच नाही.
जेवताना त्या मला काहीतरी म्हणाल्या. मा. रश्शात चमचा फिरवत राहिला. "अरे, सांग ना." तो म्हणाला, "विचारतेय, मी तुला बघायला आले. मातेओला बघायला तुझी आई कधी येणार?"
मी रस्सा वाढायला उठले.

रवि. २१ मार्च
नाक्यावरच्या बूथमधून फोन. मा. बाहेर उभा, मुद्दाम पाठ करून.
"आज काय केलंस?"
"घेवडा. आपल्या वाघ्यासारखा मिळतो इथं."
"मोड आणलेस का?"
"नाही. न भिजवताच शिजवला."
"न भिजवता? कुणी शिकवलं गं असलं?"
फोनकार्डाचे आकडे उतरत होते. मी म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाई आहेत का तिथं?"
"आत गेल्यात. का?"
मग सांगितलं. नाव, देश, जून, सगळं.   पलीकडून आईचा आवाज, अगदी हळू. "त्याची आई जेवली का तुझ्या हातचं?"
"जेवली."
"पोटभर?"
हो म्हणेपर्यंत कार्ड संपलं.
पुढच्या रविवारी फोनवर आई येईल, की आण्णा, की कुणीच नाही? एल्विराबाईंनी उरलेला घेवडा निवडून बरणीत भरून ठेवलाय. मोडांचं फडकं मी धुऊन वाळत घातलं.