अंबलंगोड्याची मॉरिस

६ जानेवारी, सोमवार

काहीतरी लपवतायत. नक्की!

अंबलंगोड्याला जाऊन गाडी पाहिली. मॉरिस मायनर, राखाडी, आईच्या वयाची. मालक धर्मरत्न महत्तया — निवृत्त पोस्टमास्तर. डोळ्यांत काचबिंदू. "दिसत नाही पोरी, म्हणून विकतोय. नाहीतर मरेपर्यंत दिली नसती कुणाला." जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो!

समुद्राकाठची गाडी म्हणजे पत्रा गंजून आत पुट्टी भरलेली असणारच, असं धरूनच गेले होते. दरवाजांखालच्या पट्ट्यांवर लोहचुंबक फिरवला. पुट्टीवर तो धरत नाही. पण इथे सगळीकडे टप्पकन चिकटला. गालिचा उचलला — कोरडा. खाली शिरून, शर्ट माखून घेऊन, पुढच्या चाकांचे सांधे हलवून पाहिले. घट्ट. इतकी चांगली? या गावात? या वाऱ्यात?

मग बॉनेटवर हात ठेवला. गरम!

"आज चालवली होती का?"

"छे! दोन महिने जागची हललेली नाही."

"मग गरम कशी?"

"ऊन बघ की केवढं आहे."

गाडी छपराखाली. कुठलं ऊन? गार इंजिन सुरू होत नसलं, की लोक गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवतात. मला शिकवतायत!

बायको, सोमलता अक्का, काळा चहा आणि गुळाचा खडा ठेवून आत गेली. 

७ जानेवारी

दादा सुरू झाला. "थ्री-व्हीलर विकून म्हातारी आणतेस? परक्यांच्या नवऱ्या मुली मिरवशील आणि आईच्या ताटात काय वाढशील?"

खोटं नाही. आमचं दोघींचं घर त्या थ्री-व्हीलरवरच चालतं. पण गॉलच्या किल्ल्यात एवढी लग्नं होतात, आणि सगळ्यांना फोटोत जुनीच गाडी हवी असते. उन्हात भाडी शोधत किती वर्षं फिरू? थ्री-व्हीलरला गिऱ्हाईक तयार आहे, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. फक्त फसता कामा नये. फसले तर मागे यायला काही उरत नाही.

१० जानेवारी

सांगून गेले होते. गाडी सुरूच होईना! प्लगची एक वायर निघालेली. सोमवारी मी स्वतः ओढून पाहिली होती, घट्ट होती. पुढचं एक चाकही बसलेलं.

महत्तया बावचळल्यासारखे उभे. नाटक? चांगले भाग दाखवायचे, सौदा ठरला की काढून भंगारातले लावायचे — असे लोक असतात. बॅटरीचा नंबर लिहून घेतला.

आणि बॉनेट? कोमट. सुरू न होणारी गाडी कोमट!!

१३ जानेवारी, पोयाची पौर्णिमा

आईबरोबर विहारात. डोळे मिटले, तर समोर बॉनेटच.

१६ जानेवारी

इंजिनखाली तेलाचं थारोळं. बोट बुडवून हुंगलं.

खोबरेल!

गळती पुसून ठेवणारे पाहिलेत. गळती मांडून ठेवणारा आजच पाहिला. मी सरळ म्हणाले, "महत्तया, मला यात कोकीस तळायचे नाहीत. काय चाललंय?"

अक्का दारात होती, ती गर्रकन आत गेली. आणि महत्तयांनी हसू दाबलं. दिसलं मला. मी भांडून निघाले. हसतात काय! माझ्या पोटावर बेतलंय.

२१ जानेवारी

रागात होते, तरी पुन्हा गेले. आज न कळवता, उजाडता उजाडता. मासळीच्या धक्क्याजवळ समोरून मॉरिस आली. म्हटलं, चोरीला गेली की काय!

स्टिअरिंगवर सोमलता अक्का.

मला पाहून तिने गाडी कडेला घेतली. इतकी अलगद, की मला जमलं नसतं. मी शेजारी जाऊन बसले.

"ते विहारात गेले, की मी काढते. रोज."

"लायसन्स?"

"आहे. माहेरीच काढलं, बाबांनी शिकवलं. लग्नानंतर एकदा यांच्याकडे किल्ली मागितली होती. म्हणाले, 'बायको चालवणार आणि मी शेजारी बसणार? गाव हसेल.' पुन्हा नाही मागितली."

"वायर? हवा?"

"मीच."

"आणि तेल?"

"घरात दुसरं नव्हतं गं." मग माझा हात धरला. "नको घेऊस. एवढंच माझं आहे."

तिच्या घरी परत येताना गिअरचा आवाजसुद्धा आला नाही. असली गाडी पुन्हा मिळायची नाही. बसमध्ये रडू आलं — तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

२२ जानेवारी

महत्तयांना फोन केला. म्हटलं, पत्रा आतून सडलाय, कुणी फुकट घेणार नाही, राहू द्या दारात. चांगल्या गाडीला वाईट म्हणताना जीभ अडखळली. ते "बरं" म्हणाले. बस, एवढंच.

थ्री-व्हीलरच्या गिऱ्हाइकाला नकार कळवला. दादा खूश.

२३ जानेवारी

महत्तयांचा फोन. दबक्या आवाजात.

"पोरी, पत्रा ठणठणीत आहे. मला नाही दिसत, पण गाडीत पेट्रोल कोण भरून ठेवतं, असं वाटतं तुला?"

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"तिने किल्ली मागितली, तेव्हा नाही म्हणालो. आता आपणहून 'घे' म्हणायला तोंड राहिलं नाही. म्हटलं, निदान विकायला काढल्यावर तरी पुन्हा एकदा मागेल. तेल ओतते, पण मागत नाही! ... तू आणखी एकदा येशील? गिऱ्हाईक म्हणून?"

रविवारी जातेय.