न्हाणीघराचा उतार

६ ऑक्टो. २०१४, सोम., बॉन
सांगलीच्या न्हाणीघराला कडी नव्हती. आत कोणी आहे हे कळावं म्हणून सगळे गाणं म्हणत. ह्यांना सूर नाही, म्हणून हे मोठ्यानं पाढे म्हणायचे. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. सासूबाई स्वयंपाकघरातून, "कितीपर्यंत आलाय गं?" "एकोणतीस, आई." "मग निघेलच."

आज इथल्या बाथरूमला दारच नाही. टब काढला, फरशी अर्धवट. फरशीवाला हेर ब्रांट "मोर्गन", उद्या येतो, म्हणून गेला तो गेलाच. फोनवर नुसतं यंत्र. पक्षाघातानंतर ह्यांना टबात पाय टाकता येत नाही, सपाट जागा हवी. १७ला क्लिनिकमधून सोडणार. बाथरूम नसेल तर घरी नाही, थेट फ्लेगेहाइम, म्हणजे वृद्धाश्रमच. तिथल्या म्हाताऱ्यांत. नाही जाऊ द्यायचं.

८ ऑक्टो., बुध.
तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं. उतार उलटा! म्हणून फोन उचलत नाही तर. दोन निरोप गोड आवाजात ठेवले. तिसरा नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
लेकीचा फोन. मी मराठीत, मुक्ता जर्मनमध्ये. "ममा, दू बिस्ट त्सू नेट." फारच गोड वागतेस म्हणे. खरंच आहे. रोज कॉफी, उपमा, "दमलात का?" घरचाच करून टाकला ब्रांटला. आल्झो, आता बास.

१३ ऑक्टो., सोम.
क्लिनिक. हे बोलायला जातात, शब्द अडतो, डोळे भरतात. थेरपीवाली म्हणाली, आकडे येतात. म्हटलं, "अहो, बेचा पाढा?" बे दाहे वीसपर्यंत कुठे अडले नाहीत. थेरपीवाली बघतच राहिली. निघताना माझा हात धरून एवढंच, "घर?"
शुक्रवारी, म्हटलं. आता शब्द दिलाय.

१४ ऑक्टो., मंगळ.
शेजारच्या फ्राउ केलरना ब्रांटची व्हॅन मागच्या रस्त्यावर दिसली. घडीचं स्टूल घेऊन गेले, व्हॅनच्या दाराला लागून बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बसवायच्या तशी. थंडी होती. जेवायच्या सुट्टीत आला.
"फ्राउ जोशी! मोर्गन, अगदी नक्की!"
"मोर्गन पुष्कळ झाल्या. उतार उलटा आहे, तुम्हाला माहीत आहे."
लाल झाला. म्हणे, थोडंसं पाणी राहतं, पुसून घ्यायचं.
"आणि नवरा घसरला तर? तोही पुसून घेऊ?"
संध्याकाळी आला, फरशी फोडायला लागला. कॉफी दिली नाही. जिवावर आलं, पण नाही दिली.

१६ ऑक्टो., गुरु.
काल उतार केला, आज फरशी. दारातून मुक्ताची लहानपणची गोटी सोडली, सरळ जाळीवर जाऊन थांबली. सांधे भरणं आणि दार उद्या. "गान्झ बेश्टिम्ट" म्हणाला, अगदी नक्की. बघू. दाराला कडी कुठली, म्हणून विचारत होता.
"कडी नको."
"मग आत कोणी आहे हे कळणार कसं?"
"कळतं."

उद्या सकाळीच मी क्लिनिकला. मुक्ता इथे थांबेल. तिला फोनवर सांगायचं:
किल्ली फ्राउ केलरकडे. उरलेल्या फरश्याही त्यांनाच, कुंड्यांखाली हव्यात म्हणाल्या. कॉफी ब्रांटला आल्याआल्या. थालीपिठं दार लागल्यावर, आधी नाही. निळा टॉवेल बाबांचा, बाहेरच्या खुर्चीवर, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही.
आणि दहा वाजेपर्यंत ब्रांट आला नाही, तर घडीचं स्टूल तुला.